यंत्रांचा ठावठिकाणा

ज्या शहरात यंत्रधंदे अजून नावालाही रुजले नव्हते, त्या शहरात उद्योगधंद्यांचे संग्रहालय आधी निघाले, ही गोष्ट पुण्याच्या स्वभावास धरूनच झाली असे म्हटले पाहिजे. खडकीचा सरकारी दारूगोळ्याचा कारखाना आणि तांबट आळीतील हातोड्यांचा नाद वगळला, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याकडे औद्योगिक म्हणून मिरविण्यासारखे फारसे काही नव्हते. परंतु व्याख्याने होती, सभा होत्या, ठराव होते, आणि देशाच्या दारिद्र्याचे मूळ हस्तव्यवसायांच्या ऱ्हासात आहे हे ओळखणारी न्यायमूर्ती रानड्यांसारखी माणसे होती. न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांपैकी एक, महादेव बल्लाळ नामजोशी, हे या मंडळींतील सर्वांत खटपटी गृहस्थ. १८८८ साली पुण्यात जे औद्योगिक प्रदर्शन भरले त्यामागे त्यांचे श्रम होते, आणि १८९० साली रानड्यांच्या प्रेरणेने जी औद्योगिक परिषद भरली तीमागेही होते. अशा वातावरणात पूना इंडस्ट्रियल म्यूझियम या नावाची संस्था वाढली, १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे साहेबांचे नाव तिला मिळाले, आणि आज घोले रस्त्यावर ती महात्मा फुले वस्तुसंग्रहालय या नावाने उभी आहे.

हे नामांतर १९६८ सालचे. अशी नामांतरे बहुधा सोयीची असतात, योग्य असतातच असे नाही. हे मात्र योग्य ठरले. जोतीरावांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, परंतु ते कंत्राटदारही होते, धातूच्या ओतकामास लागणारे साचे विकण्याची एजन्सी त्यांनी चालविली होती, आणि १८८३ साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी बंधारे आणि तलाव बांधण्यापासून शेतकऱ्यांच्या कौशल्यास बक्षिसे देण्यापर्यंत ज्या सूचना सरकारपुढे मांडल्या, त्या एखाद्या शेतकी खात्याच्या दप्तरात शोभाव्यात इतक्या व्यवहारी आहेत. नांगर, मोट आणि ओतशाळा या गोष्टी ज्याने जवळून पाहिल्या त्याचे नाव औद्योगिक संग्रहालयास असावे, हे एखाद्या गव्हर्नराच्या नावापेक्षा केव्हाही संयुक्तिक.

गेल्या मे महिन्यात नागपूरची भगिनी आपल्या मुलामुलीस घेऊन माहेरी आली. तिच्या मुलांस पुणे 'दाखवावे' अशी आज्ञा झाल्यावर शनिवारवाडा, पर्वती आणि सारसबाग या सनातन त्रिस्थळी यात्रेस फाटा देऊन मी विज्ञान आणि तंत्रविद्या यांची स्थळे दाखविण्याचे ठरविले. ऐंशीच्या घरातील आमचे वडीलही आमच्याबरोबर निघाले. त्यांची उभी हयात पिंपरी भागातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली असल्याने या विषयात त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी, घोले रस्त्यावरील दालनात शिरताच, एका लाकडी अवजाराच्या सांध्याकडे बोट दाखवून आणि "खिळा नाही, बघा" एवढेच म्हणून सिद्ध केला.

त्या दालनांत शेतीची अवजारे आहेत, खनिजे आहेत, हस्तव्यवसायांचे नमुने आहेत, आयुधे आहेत आणि पेंढा भरलेले पशुपक्षी आहेत. मुलांचे पाय अर्थातच पशूंपाशी थबकले. मला मात्र त्या सबंध रचनेमागील जुना हेतू जाणवत राहिला. हे संग्रहालय गतवैभवाचे स्मरण करण्यासाठी निघाले नव्हते. येथील सुताराने, विणकराने, कुंभाराने यावे, दुसऱ्या जिल्ह्यातील कसब पाहावे आणि घरी जाऊन ते करून बघावे, अशी ती तजवीज होती. प्रेक्षक हा उद्याचा कर्ता, असे गृहीत धरून मांडलेले ते कपाट आहे. पुढे कर्ता यावयाचा थांबला आणि शाळांच्या सहली तेवढ्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने उभारलेल्या या संग्रहाविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक विस्तार नको. एवढेच नमूद करतो की, हे कलेचे संग्रहालय आहे असे मानून तेथे जाणाऱ्याने एकदा ते तंत्राचे संग्रहालय आहे असे मानून पाहावे. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्र्या, स्वयंपाकघरातील उपकरणे: यांतील प्रत्येक वस्तू म्हणजे एका व्यावहारिक अडचणीचे कोणा अनाम कारागिराने काढलेले उत्तर आहे. वडील कुलपांच्या कपाटापुढून हलेनात. भगिनीस दिवे आवडले. मुलांस भूक लागली.

तिसरे स्थळ चिंचवडचे. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका यांच्या सहकार्याने २०१३ साली खुले झालेले हे सायन्स पार्क ऑटो क्लस्टरनजीक आहे. आम्ही मेट्रोने पिंपरीपर्यंत गेलो आणि पुढे रिक्षा केली. दापोडी सोडल्यावर गाडी उंचावरून धावत असता वडील खिडकीस चिकटले आणि डाव्या-उजव्या हातास कोणता कारखाना होता, कोणाचा भोंगा किती वाजता होत असे, याचा पाढा त्यांनी मुलांपुढे वाचावयास आरंभ केला. त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहिले तर बहुतेक ठिकाणी उंच इमारतीच दिसत होत्या. मुलांची पंचाईत झाली. सांगितलेले आणि दिसलेले यांचा मेळ त्यांना बसेना.

सायन्स पार्कात मात्र त्यांची कोणतीच पंचाईत झाली नाही. येथे हात लावू नका अशी पाटी नाही; उलट हात लावल्याखेरीज काही घडतच नाही. दोन अन्वस्ताकार तबकड्या बऱ्याच अंतरावर समोरासमोर उभ्या केलेल्या, एकीच्या नाभीपाशी भाचीने कुजबुजावे आणि दुसरीच्या नाभीपाशी कान लावून बसलेल्या भाच्याने ते शब्द स्वच्छ ऐकावेत. कप्प्यांच्या खुर्चीत बसून आपले वजन आपणच दोरीने वर ओढावे. आरशांत लांब-आखूड व्हावे. बाहेर हिरवळीवर डायनोसॉर आहेत, त्यांच्याशी छायाचित्रे काढून घेण्यास मुलांइतकीच मोठ्यांचीही गर्दी होती. या साऱ्या उपकरणांची वंशावळ दूरची आहे. १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को येथे एक्स्प्लोरेटोरियम काढले आणि संग्रहालयात वस्तूऐवजी अनुभव मांडण्याची पद्धत जगभर रूढ झाली. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्णत्वाने उभे राहिले, तेही याच वळणाचे. ही पद्धत उत्तम आहे याविषयी शंका नाही. ध्वनीचे परावर्तन फळ्यावर शिकलेल्या माझ्यासारख्यास ते प्रथमच कानाने कळले.

परंतु मोटारीच्या अंगप्रत्यंगांचा परिचय करून देणाऱ्या दालनात वडिलांनी जो तास घेतला, त्याने माझ्या मनात एक निराळीच शंका उत्पन्न केली. मागच्या दोन चाकांमधील डिफरन्शियल समजावून सांगताना त्यांनी दोन्ही मुलांस हातात हात घालून वळावयास लावले. "आतला जागच्या जागी फिरतोय, बाहेरचीला पळावं लागतंय. बरोबर? चाकांचंही तसंच. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळणावर एक चाक घासत जाणार. म्हणून मध्ये हे पिनियन. ज्याला कमी फिरायचंय त्याला कमी फिरू दे, ज्याला जास्त त्याला जास्त." आजूबाजूची चार अनोळखी मुलेही येऊन उभी राहिली. तेव्हा भाच्याने विचारले,

"आजोबा, तुम्ही केलेलं काय आहे यात?"

"माझं यात काही नाही रे. मी गाड्या नाही केल्या. गाड्या करायची हत्यारं केली. डाय, जिग, फिक्स्चर."

"मग ती कुठे ठेवलीत?"

"ठेवतात कशाला? मॉडेल बंद झालं की डाय भंगारात. किलोवर."

हे त्यांनी कोणतीही खंत न दाखविता सांगितले. किंबहुना प्रश्नच त्यांना विचित्र वाटला. ज्यांस टूलरूम हा प्रकार परिचित नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. पत्र्यास आकार देणारा पोलादी साचा म्हणजे डाय. छिद्र नेमके जेथे पडावयास हवे तेथेच पडावे म्हणून ड्रिलला वाट दाखविणारा साधनविशेष म्हणजे जिग. काम चालू असता वस्तू जागची हलू नये म्हणून तिला धरून ठेवणारे ते फिक्स्चर. कारखान्यातून लाखांनी बाहेर पडणारी वस्तू एकसारखी निघते ती या हत्यारांमुळे, आणि ही हत्यारे स्वतः मात्र एकेकच असतात, हाताने आणि नजरेने, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत जुळवून केलेली. एखादा शिल्पकार आपल्या कृतीवर नाव तरी कोरतो. टूलरूममधील फिटराच्या कृतीवर फक्त क्रमांक असतो, आणि तोही भट्टीत वितळतो.

विज्ञानाचा नियम आणि त्या नियमाने चालणारी वस्तू या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली जगात कोठेही दाखविता येते. चिंचवडमधील कप्पी आणि सॅन फ्रान्सिस्कोमधील कप्पी यांत भेद नाही, असूही नये. दुसरीला मात्र गाव असते, साल असते, करणारे हात असतात. नियम दाखविण्याची पुण्यात आता चांगली व्यवस्था झाली आहे. वस्तूंची मात्र झालेली नाही.

नियम दाखविण्याच्या व्यवस्थेत 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेचे स्थान मी सर्वांत वर मानतो. १९८८ साली जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात उभ्या केलेल्या या संस्थेची वास्तू चार्ल्स कोरियांनी रचली. २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनी, तिचे दरवाजे सर्वांस खुले होतात आणि त्या दिवशी सबंध शहर तेथे लोटते. आम्ही मे महिन्यात रीतसर परवानगी काढून गेलो म्हणून निवांतपणा लाभला. कुंडासारख्या खोलगट चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईन्स्टाईन यांचे पुतळे आहेत. फुकोचा लंबक आहे. या लंबकाच्या झोक्याची पातळी हळूहळू फिरताना दिसते, वास्तविक फिरते ती खालची पृथ्वी. ध्रुवावर ही प्रदक्षिणा सुमारे एका दिवसात पुरी होईल, विषुववृत्तावर ती मुळीच होणार नाही, आणि साडेअठरा अक्षांशांवरील पुण्यास तिला सुमारे पंच्याहत्तर तास लागतात, म्हणजे तासाला पावणेपाच अंश. भाचीने हा हिशेब ऐकून घेतला आणि नागपूर पुण्याच्या उत्तरेस असल्याने तेथे लंबक अधिक वेगाने वळेल काय, असे विचारले. वळेल. या एका प्रश्नासाठी मे महिन्याचे ऊन सोसणे मला परवडले.

त्याच आवारात मुलांसाठी असलेल्या विज्ञान शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या नावे झालेल्या देणगीतून उभी राहिली. तिचे नाव पुलस्त्य, सप्तर्षींपैकी एकाचे, ज्यात पु. ल. सहज सामावतात. येथे अरविंद गुप्तांनी आगपेट्यांच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे, जुन्या बाटल्या आणि वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी घडविली आणि देशभरच्या शिक्षकांस ती करावयास शिकविली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान उभे करण्याचा हा खटाटोप मला नामजोश्यांच्या संग्रहालयाच्या मूळ हेतूच्या जितका जवळचा वाटतो तितका दुसरा कोणताही वाटत नाही. कारण येथेही पाहणारा हा उद्याचा कर्ता असे धरलेले आहे.

आता वस्तूंकडे वळतो. ज्या पुण्याने उद्योगांआधी उद्योगांचे संग्रहालय काढले, त्या पुण्यात पुढे उद्योग खरोखरीच आले, आणि असे आले की देशात दोनचार शहरांखेरीज त्याची बरोबरी कोणास करता येऊ नये. १९४६ साली खडकीस किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला आणि विहिरीवरची मोट जाऊन इंजिनाचा फटफट आवाज महाराष्ट्राच्या शिवारांत घुमू लागला. १९५० च्या जानेवारीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. आकुर्डीच्या बजाजची चेतक स्कूटर १९७२ पासून मध्यमवर्गीय कुटुंबांस, पुढे उभे मूल आणि मागे कडेवर मूल अशा थाटात, वाहू लागली. १९९१ साली सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक येथे सिद्ध केला. अमेरिकेने अशा संगणकाची विक्री नाकारल्यानंतर अवघ्या काही वर्षांत विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली, आणि पत्र्याऐवजी ताणलेल्या बारीक तारांची जाळी वापरून वारा आणि खर्च या दोहोंचा भार हलका केला. १९९८ साली पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून इंडिका बाहेर पडली.

यांपैकी दुर्बीण अद्याप कार्यरत आहे, तिची चिंता नको. उरलेल्यांतील एखादे पहिले इंजिन, एखादी किण्वनाची जुनी टाकी, एखादी जुळणीची रांग, आणि ती चालविणाऱ्या माणसाची हजेरीपुस्तिका, ही सारी एका छपराखाली सामान्य नागरिकास मुलाबाळांसह पाहता येतील, अशी सोय या शहरात नाही. कोथरूडला भाऊ जोश्यांनी १९९८ साली खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे; त्यात सिग्नल पडतात, गाड्या धावतात, एक सबंध इवलेसे नगर हलते-बोलते होते, आणि आमची मुले तेथून निघावयास तयार नव्हती. एका गृहस्थाने स्वतःच्या हौसेने आणि पदरच्या पैशाने जे केले, ते शहराने आपल्या कर्तृत्वाबाबत करू नये, याचे नवल वाटते.

याहून ठसठशीत उदाहरण खडकवासल्याचे आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, १८८३ साली पदवीधर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात चाकरीस लागले. खडकवासल्याच्या धरणात पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. भिंत उंच करावी तर खर्च आणि धोका दोन्ही वाढणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविण्याची योजना केली आणि १९०३ साली ती अमलात आली. ठरावीक पातळीपर्यंत दार पाणी अडवून धरी, पातळी वाढली की दार आपोआप उघडे आणि पूर ओसरला की मिटे. रात्री-अपरात्री भर पावसात कोणा चौकीदाराने धावत जाऊन चाक फिरविण्याची जरूर उरली नाही. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढला. पुढे हीच युक्ती ग्वाल्हेरच्या आणि म्हैसूरच्या धरणांवर वापरली गेली, आणि तिच्या कर्त्याची कीर्ती देशभर झाली. बंगळूरने १९६५ साली त्यांच्या नावाचे औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय जनतेस खुले केले, आणि ते योग्यच केले, कारण ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. परंतु ज्या शहरात ते शिकले आणि ज्याच्या उशाशी त्यांनी ती दारे प्रथम बसविली, त्या शहरातील शाळकरी मुलास रविवारी आईबापांसह जाऊन, हाताने पाणी सोडून, ते दार कसे उघडत असे हे पाहता यावे, यात अशक्य काय आहे? खडकवासल्यास १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तेथे नद्यांच्या आणि बंदरांच्या विस्तीर्ण प्रतिकृती करून त्यांत पाणी खेळवितात. प्रतिकृती करणारे हात शोधावयास फार लांब जावे लागणार नाही.

असे संग्रहालय जगात प्रथमच कोणी मागत आहे असे नव्हे. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत-अभियंत्याने १९०३ साली म्युनिक येथे जर्मन संग्रहालयाचा पाया घातला आणि १९२५ साली ते इझार नदीतील बेटावरील वास्तूत खुले झाले. त्यात कापून उघडी केलेली इंजिने होती, प्रेक्षकाने फिरवावयाचे दांडे होते आणि भूमीखाली उतरून पाहावयाची खाण होती. त्याच्या धर्तीवर १९५९ साली कोलकात्यास बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय निघाले. मिलरने यंत्र आणि नियम यांची फारकत होऊ दिली नाही, हे त्याचे मोठेपण; आमच्याकडे ती झाली, आणि नियम तेवढे सुखरूप राहिले.

हे सारे मी शेवटच्या संध्याकाळी घरी, मुलांच्या सामानाची बांधाबांध चालू असता, वडिलांपुढे मांडले. महापालिकेने एखादी बंद पडलेली शेड ताब्यात घ्यावी, कारखानदारांनी जुनी यंत्रे द्यावीत, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती लावावीत, अशी माझी दरखास्त होती. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"काचेत ठेवणार?"

"नाही, चालती ठेवायची."

"चालती ठेवायची तर ऑइलिंगला माणूस पाहिजे. लेथ आठ दिवस बंद राहिला तरी बेडवर गंज धरतो. पुण्यात पावसाळा चार महिने. एक फिटर, एक ऑइलमन, एक इलेक्ट्रिशियन. पोरं हात घालणार, म्हणजे प्रत्येक यंत्राला गार्ड. गार्ड करायचे तर शीटमेटलचं काम आलं. बेल्ट मिळणार नाहीत, पाडून घ्यावे लागतील. पाहायला ठेवलेलं यंत्र कामाच्या यंत्रापेक्षा महाग पडतं, कारण ते काही कमवत नाही."

"म्हणजे करू नये म्हणता?" भगिनीने विचारले.

"करा ना. पण आधी इमारत बांधू नका. आधी तीन माणसांचा पगार मंजूर करून घ्या, कायमचा. मग यंत्रं आणा." एवढे बोलून त्यांनी भाच्याकडून वही मागून घेतली, चष्मा लावला आणि फिटरचा आजचा पगार काय चालतो हे विचारण्यासाठी आपल्या जुन्या सोबत्यास फोन लावला.